दातवण, राखुंडी आणि दंतशंकू : आलापल्लीच्या वनप्रदेशातील मुखस्वच्छतेचा इतिहास

गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील आलापल्ली या गावाचा लिखित इतिहास प्रामुख्याने सागवानाचा इतिहास आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य 1853-54 मध्ये खालसा झाल्यावर चांदा (चंद्रपूर) जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात आला, 1861 मध्ये मध्यप्रांताची रचना झाली आणि पुढील काही दशकांत प्राणहिता व इंद्रावती या नद्यांच्या अलीकडील जंगल वनखात्याच्या आराखड्यांत, कूपांत आणि आगारांत मोजले जाऊ लागले. ‘सी. पी. टीक’ या व्यापारी नावाने ओळखल्या गेलेल्या सागवानात येथील लाकडाला विशेष मान होता. आलापल्ली–भामरागड मार्गालगतचा जुन्या, उंच सागांचा सुमारे सहा हेक्टरांचा जो तुकडा 1953 पासून तोडीविना राखला गेला आणि ‘वनवैभव’ या नावाने प्रसिद्ध झाला, त्याला 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जाही मिळाला. इमारतीच्या लाकडाचा असा तपशीलवार हिशेब ठेवणाऱ्या या इतिहासात त्याच जंगलातून रोज सकाळी तोडल्या जाणाऱ्या वीतभर काडीला मात्र जागा मिळालेली नाही. ती काडी म्हणजे दातवण. माणसाच्या हिरड्या निरोगी राखण्याचे जे साधन या प्रदेशात सर्वांत जुने, सर्वांत स्वस्त आणि सर्वांच्या हाताशी होते, ते कसे वापरले गेले, त्याची जागा पुढे कोणी घेतली आणि त्याच्या जोडीला जे दुसरे साधन यायला हवे होते ते का आले नाही, हे पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

विषयाच्या आरंभी हिरड्यांच्या रोगाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे, कारण सारा इतिहास त्याभोवतीच फिरतो. दातांच्या पृष्ठभागावर, विशेषतः दात आणि हिरडी जेथे मिळतात त्या रेषेवर, जीवाणूंचा एक मऊ, चिकट, जवळजवळ न दिसणारा थर सतत जमत असतो. हा थर बोटाने, काडीने किंवा ब्रशने निघू शकतो. परंतु तो तसाच राहिला तर लाळेतील क्षार त्यात साचून काही दिवसांत त्याचे कठीण कवच बनते. या कवचाला बोलीत किटण म्हणतात आणि संस्कृत वैद्यकात दंतशर्करा. किटणाच्या खरबरीत पृष्ठभागावर नवा थर अधिक सहज बसतो, हिरडी सुजते, लाल होते आणि स्पर्शाने रक्त येऊ लागते. येथवरचा रोग पूर्ण बरा होऊ शकतो. त्यापुढे मात्र सूज खोल जाते, दात आणि हिरडी यांमध्ये पोकळ कप्पे तयार होतात, दाताला धरून ठेवणारे तंतू व जबड्याचे हाड झिजते, पू येतो आणि अखेरीस न किडलेला, धडधाकट दात हलून पडतो. या शेवटच्या अवस्थेला लोकव्यवहारात पायोरिया हे नाव रूढ झाले. गेलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही, म्हणून या रोगात प्रतिबंधाला उपचारापेक्षा अधिक मोल आहे.

दात स्वच्छ करण्याच्या काडीचा भारतीय वाङ्मयातील उल्लेख फार जुना आहे. बौद्ध विनयग्रंथांत भिक्षूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा आहे व त्याची लांबीही ठरवून दिलेली आहे. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने, काडीचे एक टोक चावून मऊ करावे, त्याने दात घासावेत आणि नंतर काडी चिरून व वाकवून तिनेच जीभ खरवडावी, ही रीत बारकाईने नोंदवून ठेवली आहे. धर्मशास्त्रकारांनी दंतधावन हे नित्यकर्मांत धरले, मात्र काही तिथींना काष्ठाचा निषेध करून त्या दिवशी बारा चुळा भरण्याचा पर्याय दिला. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या बृहद् इतिहासात या विधिनिषेधांचा परामर्श घेतला आहे. तथापि आलापल्लीच्या दृष्टीने खरी मोलाची माहिती धर्मग्रंथांत नसून वैद्यकग्रंथांत आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दोन्ही वेळा दात घासावेत, काडीचे टोक कुटून घ्यावे, तिचा रस तुरट, तिखट किंवा कडू असावा आणि घासताना दातांच्या मांसाला, म्हणजे हिरडीला, इजा होऊ देऊ नये असे सांगितले आहे. योग्य वृक्षांत करंज, कण्हेर, रुई, मालती, ककुभ म्हणजे अर्जुन आणि असन यांची नावे येतात. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात वर्णन आणखी नेमके आहे. काडी बारा अंगुळे लांब, करंगळीच्या टोकाएवढी जाड, सरळ, गाठ नसलेली आणि ताजी असावी. कडू रसाच्या झाडांत निंब, तुरटात खदिर, गोडात मधूक आणि तिखटात करंज श्रेष्ठ समजावा. मऊ कुंचल्याने एकेक दात स्वतंत्रपणे घासावा. आणि तोंड आले असता, घसा, टाळू, ओठ वा जीभ यांचा विकार असता दंतकाष्ठ वापरू नये. येथे थांबून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सुश्रुताने चार रसांसाठी निवडलेले हे चारही वृक्ष, म्हणजे कडुनिंब, खैर, मोह आणि करंज, चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखातील अगदी नित्य परिचयाचे आहेत. कडुनिंब गावठाणात आणि बांधावर, करंज ओढ्याकाठी, खैर कोरड्या उतारावर आणि मोह तर येथील आदिवासी जीवनाचा आधारवृक्षच. चरकाचा अर्जुनही याच प्रदेशातील नदी-नाल्यांच्या काठी उभा असतो. ग्रंथकारांनी ही निवड नेमक्या कोणत्या भूमीवर बसून केली याचा निर्णय करणे हे या लेखाचे काम नाही. परंतु ज्या समाजांनी या संहिता कधी वाचल्या नाहीत त्या माडिया व इतर गोंड समाजांच्या पायवाटेवर त्यांत सांगितलेले औषधिद्रव्य उगवत होते, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

दातवणाचा गुण दोन गोष्टींत आहे. पहिला गुण यांत्रिक: चावून चावून टोकाचे तंतू मोकळे झाले की ते दाताच्या कडेवरील मऊ थर खरवडून काढतात, आणि चावण्याच्या क्रियेनेच लाळ भरपूर सुटून तोंड धुतले जाते. दुसरा गुण रासायनिक: तुरट सालींतील टॅनिन हिरडी आकसून घेते आणि कडू द्रव्ये काही जीवाणूंना रोखतात. पश्चिम आशियात व आफ्रिकेत वापरल्या जाणाऱ्या मिसवाक या काडीची दखल जागतिक आरोग्य संघटनेनेही घेतली आणि 1986 मध्ये जेथे अशी काडी रूढ आहे तेथे तिच्या वापरास उत्तेजन द्यावे असे सुचविले. मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. समोरच्या दातांच्या बाहेरील बाजूस काडी उत्तम पोचते, परंतु दाढांच्या आतील बाजूस आणि दोन दातांच्या सांध्यांत ती पोचणे अवघड असते. एकेक दात वेगळा घासण्याचा सुश्रुताचा आग्रह या अडचणीचेच उत्तर आहे. घाईने, आडवी आणि जोराने घासलेली काडी हिरडी मागे सारते. सुश्रुताच्या निदानस्थानात दंतमूलाचे म्हणजे हिरडीचे जे रोग सांगितले आहेत त्यांत शीताद या रोगात हिरडीतून अकस्मात रक्त येते व ती मऊ, काळपट, दुर्गंधी होते. दंतवेष्टात पू आणि रक्त येऊन दात हलतात. आणि वैदर्भ नावाचा एक रोग तर हिरडी घासली गेल्याने, म्हणजे आघाताने होतो असे म्हटले आहे. घासण्याच्या अभावाने आणि घासण्याच्या अतिरेकाने असे दोन्ही प्रकारे नुकसान होते, ही जाण त्या काळी होती.

याहून महत्त्वाचे असे की, नित्य घासूनही जे कठीण किटण साचते ते घासून निघत नाही, हेही त्या वैद्यांना ठाऊक होते. दंतशर्करा काढताना दातांच्या मुळांना दुखापत होऊ न देता ती शस्त्राने उचलून काढावी व नंतर लाखेचे चूर्ण मधात कालवून लावावे, असा उपचार सुश्रुताने दिला आहे. त्याच्या वीस शस्त्रांच्या यादीत दंतशंकू आहे आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात याच कामासाठी दंतलेखन हे शस्त्र येते. दहाव्या शतकात कॉर्डोव्हाच्या अल-झहरावी या शल्यवैद्याने दात खरवडण्याच्या चौदा हत्यारांची वर्णने दिली. थोडक्यात, आज ज्याला दातांची सफाई किंवा स्केलिंग म्हणतात ती कल्पना आयात केलेली नव्हे. प्रतिबंधाची दोन अंगे, घरचे रोजचे घासणे आणि जाणत्या हाताने ठरावीक काळाने केलेली खरवड, जुन्या शास्त्रात शेजारी शेजारी उभी होती. पुढील शतकांत शल्यकर्माची परंपरा क्षीण होत गेली, दंतशंकू पोथीत राहिला आणि गावोगावी फक्त दात उपटणारा हात उरला. पहिले अंग लोकांनी टिकविले, दुसरे समाजाच्या हातून निसटले. या एका विच्छेदाचे परिणाम वनप्रदेशाने सर्वांत अधिक काळ सोसले.

काडीच्या बरोबरीने, आणि शेतीप्रधान गावांत तिच्याहून अधिक, राखुंडी वापरली जाई. गोवरीची किंवा लाकडाची राख, कुटलेला कोळसा, त्यात कधी मीठ, कधी तुरटी, आणि हे सारे बोटावर घेऊन दातांवर फिरविणे ही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील असंख्य घरांची पहाट होती. बोट मऊ असते म्हणून हिरडीला मालिश घडते, परंतु दातांच्या सांध्यांत ते शिरत नाही, आणि भरड कोळसा दाताचे स्वतःचे कठीण आवरण झिजवितो. बाजारी दंतमंजनांनी हीच सवय डबीत भरली. माकडछाप काळे दंतमंजन मराठी घरांत पोचले आणि 1952 मध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत सुरू केलेल्या विको या उद्योगाने वनस्पतींची चूर्णे एकत्र करून वज्रदंती हे नाव घरोघरी नेले. ब्रशाचा प्रवास निराळ्या दिशेने झाला: चीनमध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीस डुकराच्या राठ केसांचा ब्रश नोंदला गेला, इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे उत्पादन सुरू झाले आणि 1938 मध्ये नायलॉनचे तंतू आल्यावर तो स्वस्त झाला.

राखुंडी व मंजन यांच्या आडोशाने एक घातक पदार्थ दातांपर्यंत पोचला. तव्यावर काळी होईतो भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे मिसरी, पश्चिम व मध्य महाराष्ट्रात विशेषतः स्त्रिया दात घासण्यासाठी म्हणून लावीत. मिसरीचा वापर दिवसातून एकदा सुरू होतो आणि निकोटिनच्या ओढीने अनेकदा होतो, तेव्हा ती स्वच्छतेची सवय राहत नाही, व्यसन बनते. छत्तीसगड व ओडिशाकडे रूढ असलेली गुडाखू ही तंबाखू व गुळाच्या राबेची लगदी आणि दातांवर घासायची तंबाखूची नस यांनी पूर्व विदर्भाच्या सीमावर्ती गावांत तेच काम केले. भारत सरकारने 1992 मध्ये दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली ती याच कारणाने. परंतु दात घासण्याचे निमित्तही ज्याला लागत नाही असा पदार्थ विदर्भात तोवर पसरू लागला होता. भाजलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून प्लास्टिकच्या पन्नीत घोटला जाणारा खर्रा चंद्रपूर, गडचिरोलीच्या प्रत्येक पानठेल्यावर मिळू लागला आणि शेतावर, तेंदूच्या फळीवर, लग्नघरात, कचेरीत सारखाच हातोहात फिरू लागला. महाराष्ट्र शासनाने 2012 मध्ये गुटख्यावर आणि त्यापाठोपाठ सुगंधित तंबाखू व सुपारीवर बंदी घातली, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेली ‘सर्च’ ही संस्था, टाटा ट्रस्ट आणि राज्य शासन यांच्या सहभागाने 2016 पासून गडचिरोली जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ हे दारू व तंबाखूविरोधी अभियान सुरू झाले, त्यात खर्रा हा प्रमुख विषय आहे.

तंबाखूमुळे मुखाचा कर्करोग होतो आणि सुपारीमुळे तोंडाची अंतस्त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासे होते, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. हिरड्यांवरील तंबाखूचा परिणाम मात्र कमी ओळखला जातो. जेथे तोबरा धरला जातो तेथील हिरडी दाताच्या मुळापासून मागे सरते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रोगाशी लढणाऱ्या पेशींचे काम मंदावते आणि सर्वांत घातक म्हणजे सुजलेल्या हिरडीतून येणारे रक्त कमी होते. हिरडीतून रक्त येणे ही शरीराने दिलेली पहिली सूचना असते. तंबाखू ती सूचनाच दाबून टाकते आणि आपल्या हिरड्या घट्ट आहेत अशा समजुतीत वावरणाऱ्या माणसाचे हाड आतून झिजत राहते. मिसरी किंवा नस लावल्याने दातदुखी थांबते, हिरड्या मजबूत होतात, असा जो समज पिढ्यान्‌पिढ्या टिकला त्याचे मूळ बहुधा या फसव्या शांततेत आहे. दातवण सोडून तंबाखूकडे वळणे म्हणजे औषध टाकून रोग हाती घेणे होते, आणि ते स्वच्छतेच्या नावाखाली घडले, ही या इतिहासातील सर्वांत दुःखद गोष्ट मानावी लागते.

हिरड्यांचा रोग वयोमानाने येणारी अटळ गोष्ट नाही, हे आधुनिक शास्त्राने निर्णायकपणे सिद्ध केले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हॅराल्ड लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील आर्हुस येथे बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. 10 ते 21 दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा स्वच्छता सुरू होताच सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. हा प्रयोग 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. लॉ यांचे दुसरे संशोधन आलापल्लीच्या वाचकाला अधिक जवळचे वाटेल. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवर काम करणाऱ्या 480 पुरुष मजुरांचा त्यांनी 1970 पासून अनेक वर्षे मागोवा घेतला. या मजुरांना दंतोपचार मिळत नव्हते व दात घासण्याची नियमित सवयही नव्हती. त्यांच्यापैकी सुमारे 8 टक्क्यांत रोग झपाट्याने वाढला, सुमारे 81 टक्क्यांत मध्यम गतीने वाढला आणि उरलेल्या सुमारे 11 टक्क्यांत तो हिरडीच्या सुजेपलीकडे गेला नाही. दुर्गम भागातील श्रमिकांचे दात आपोआपच बळकट असतात, हा शहरी माणसाचा आवडता समज या आकड्यांपुढे टिकत नाही. याउलट स्वीडनमधील कार्लस्टाड येथे पेर अक्सेलसन आणि यान लिंडे यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी एका गटाला घरच्या स्वच्छतेचे बारकाईने शिक्षण आणि ठरावीक अंतराने दवाखान्यात सफाई अशी दुहेरी व्यवस्था दिली. तीस वर्षांनी, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या गटातील दात पडण्याचे प्रमाण अत्यल्प आढळले आणि जे पडले त्यांतही हिरड्यांच्या रोगाचा वाटा थोडा होता. सुश्रुताची दोन अंगे येथे पुन्हा एकत्र आली होती.

महाराष्ट्रात दंतशास्त्राच्या शिक्षणाची व्यवस्था मुंबईत आधी उभी राहिली. नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय 1933 मधले. विदर्भाला नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय 1968 मध्ये लाभले. गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला तोवर आलापल्ली, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड या पट्ट्यातील रुग्णाला दातासाठी चंद्रपूर वा नागपूर गाठणे म्हणजे काही दिवसांची मजुरी बुडविणे होते, आणि असा प्रवास माणूस दुखणे असह्य झाल्यावर दात काढण्यासाठी करतो, दुखत नसलेले किटण काढण्यासाठी करीत नाही. भामरागड तालुक्यात 1973 मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना चालविला, तेव्हा पावसाळ्यात वाटाच बंद होत असत. शासकीय रचनेत दंतशल्यचिकित्सकाची जागा ग्रामीण रुग्णालयापासून वर असते, प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित दंतवैद्य नसतो. त्यामुळे आजही गाव जितके आत तितकी सफाई दूर, हे गणित पुरते बदललेले नाही.

जेथे सफाई उपलब्ध आहे तेथेही एक गैरसमज आड येतो. सफाई केल्याने दात सैल होतात व त्यांत फटी पडतात, असे पुष्कळ लोक मानतात. वस्तुस्थिती अशी की, किटणाने भरून निघालेली जागा ते काढल्यावर उघडी पडते आणि सुजलेली हिरडी बसल्यावर दाताचे मूळ थोडे दिसू लागते. फट रोगाने आधीच पाडलेली असते. दोन-चार दिवस थंड-गरम झोंबणे हेही त्याचेच फळ. बहुतेकांना सहा महिन्यांनी ते वर्षाने एकदा सफाई पुरते. मधुमेही, तंबाखू खाणारे किंवा ज्यांचा रोग हाडापर्यंत गेला आहे त्यांना ती तीन ते चार महिन्यांनी लागते. घरी दोन वेळा, विशेषतः झोपण्यापूर्वी, मऊ ब्रश हिरडीच्या रेषेवर तिरपा धरून हळू फिरविणे आणि दातांच्या सांध्यांसाठी दोरा किंवा बारीक ब्रश वापरणे, एवढे पुरेसे असते. घासताना रक्त येते म्हणून ती जागा टाळणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे, कारण रक्त येते तेथेच थर साचलेला असतो. ताजी, कोवळी, नीट चावलेली कडुनिंबाची किंवा करंजाची काडी वापरणाऱ्याने ती सोडण्याचे कारण नाही. दाढांच्या आतील बाजूस ती पोचविण्याची आणि वर्षातून एकदा दवाखान्यात तोंड दाखविण्याची जोड मात्र हवी.

सफाईचे हे काम दंतवैद्यानेच करावे लागते असेही नाही. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी 1913 मध्ये दात खरवडणाऱ्या व स्वच्छता शिकविणाऱ्या स्त्रियांचा पहिला वर्ग काढला आणि त्यांना शाळांत पाठविले. भारताच्या 1948 च्या दंतवैद्य अधिनियमाने हीच भूमिका कायद्यात आणली: दात खरवडणारी, साफ करणारी किंवा दंतस्वच्छतेचे शिक्षण देणारी व्यक्ती म्हणजे दंत आरोग्यक अशी व्याख्या करून त्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवण्याची तरतूद त्यात केली गेली. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम 2014-15 मध्ये आला आणि 2018 नंतरच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या सेवांत मूलभूत मौखिक आरोग्याचा समावेश झाला. अहेरी उपविभागात आश्रमशाळा पुष्कळ आहेत, तेथे मुले वर्षातील बहुतेक दिवस एकत्र राहतात, आणि हिरडीची सूज पूर्णपणे परतविता येते ते वय नेमके त्यांचेच आहे. सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी कायद्याने निर्माण केलेल्या त्या पदावरील माणूस हाताने चालविण्याची थोडी साधी हत्यारे घेऊन वर्षातून दोनदा या शाळांत जाऊ शकतो. त्यासाठी वीज, यंत्र वा मोठा दवाखाना लागत नाही.